पेन्शनचे कागद, हयातीचा दाखला आणि नावातला फरक: बेळगाव सीमाभागातल्या पेन्शनरांचे नेहमीचे प्रश्न

मी स्वतः रिटायर्ड माणूस. गेली बरीच वर्षं संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या आणि आजूबाजूच्या गावातल्या वयस्कर माणसांचे पेन्शनचे कागद बघून देतो. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळीकडून लोक येतात, खानापूर-निपाणीहून फोन येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न असतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, नवरा-बायको दोघं हयात असतानाच कागद सरळ करून घ्या, एक जण गेल्यावर तेच काम दहापट जड होतं. खाली बहुतेक उत्तरांत हेच वेगवेगळ्या तोंडानं येईल.

माझी पेन्शन नेमकी कुठली आणि कोण देतं, हे कसं ओळखायचं?

बँकेत पैसे येतात म्हणून बँक पेन्शन देते असं बऱ्याच जणांना वाटतं. बँक फक्त पोचवते. कर्नाटक सरकारच्या नोकरीतून रिटायर झाला असाल तर पेन्शन मंजूर करतात बेंगळूरचे अकाउंटंट जनरल म्हणजे एजी, आणि पैसे सुटतात ट्रेझरीतून. महाराष्ट्रात नोकरी केली आणि आता इकडं गावी राहायला आलात तर तुमचं ऑफिस म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचं कोषागार. मिलिटरीतले असाल तर स्पर्श म्हणजे फौजी पेन्शनची ऑनलाईन व्यवस्था, त्याचा कारभार प्रयागराजहून चालतो. साखर कारखाना, उद्यमबागेतली फौंड्री, निपाणीतला बिडी कारखाना अशा ठिकाणी पीएफ कापला जात होता तर ती ईपीएस-९५ म्हणजे पीएफ ऑफिसची पेन्शन. यातलं काहीच नसेल आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर कर्नाटकातली संध्या सुरक्षा किंवा वृद्धाप्य म्हणजे म्हातारपणाची पेन्शन, ती तहसीलदार मंजूर करतात.

घरात पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर नावाचा कागद किंवा पुस्तक असतं, त्याच्या पहिल्याच पानावर सगळं लिहिलेलं असतं. तो सापडत नसेल तर आज संध्याकाळीच ट्रंक उघडा.

आधारवर एक नाव, पासबुकात दुसरं, पीपीओत तिसरं. चालतं का?

चालतंय तोवर चालतं, आणि ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी अडतं. आपल्या भागात तर हे घरोघरी आहे कारण आपली नावं तीन भाषांतून फिरलेली. शाळेच्या दाखल्यात मराठी, रेशन कार्डात कन्नड, बँकेत इंग्रजी. त्यात महाराष्ट्राच्या पद्धतीनं आडनाव आधी, कर्नाटकच्या पद्धतीनं नुसती इनिशियल. बायकांचं तर विचारूच नका, माहेरचं नाव, सासरचं नाव, पुढं कधी बाई लावलेलं कधी नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. वडील शाळेत मास्तर होते, ते गेल्यावर आईची फॅमिली पेन्शन चौदा महिने अडकली होती. कारण काय, तर पीपीओत आईचं नाव लग्नात बदललेलं, आधारवर माहेरचंच, आणि बँकेच्या पासबुकात नुसती दोन इनिशियल आणि आडनाव. काउंटरवरचा माणूस दर वेळी एक नवीन कागद सांगायचा, आधी अॅफिडेव्हिट, मग लग्नाचा पुरावा, मग गावच्या चावडीचा दाखला, आणि आई दर वेळी इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवीत सगळे कागद घालून माझ्याबरोबर रिक्षातून यायची आणि बाकावर बसून राहायची. ती कधी एका शब्दानं बोलली नाही, पण मला ते बाक अजून आठवतं. बाबा असताना एका अर्जानं झालं असतं ते काम.

तर करायचं असं. आधी कुठलं नाव कायम ठेवायचं ते ठरवा, शक्यतो पीपीओतलंच. मग आधार, पॅन, पासबुक त्याप्रमाणे करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळं घाईघाईत सेंटरवाल्याच्या हातात देऊ नका, स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि त्यानं टाईप केलेलं स्वतः वाचा. पीपीओतच चूक असेल तर जिथून रिटायर झालात त्या ऑफिसातून एजीकडं दुरुस्ती जाते, त्याला वेळ लागतो. तोपर्यंत दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं नोटरीचं अॅफिडेव्हिट करून ठेवा.

हयातीचा दाखला कधी आणि कुठं द्यायचा?

सरकारी पेन्शनरांनी साधारण नोव्हेंबरात. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ज्यांचं वय ८० च्या पुढं आहे त्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दीत जायची गरज नाही. पीएफवाल्यांचं मात्र वेगळं आहे, वर्षात कधीही द्या आणि दिलेल्या तारखेपासून बारा महिने चालतो. म्हणजे जूनमध्ये दिला तर पुढच्या जूनपर्यंत निवांत. हे माहीत नसल्यानं कितीतरी पीएफ पेन्शनर उगीच नोव्हेंबरात रांगेत उभे राहतात.

द्यायचे मार्ग बरेच आहेत. तुमची पेन्शन ज्या बँकेत आहे तिच्या कुठल्याही शाखेत जाऊन देता येतो, मूळ शाखेतच गेलं पाहिजे असं नाही. नाहीतर जीवन प्रमाण म्हणजे आधारवरून ऑनलाईन द्यायचा हयातीचा दाखला, जो २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाला, तो सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाईन कामांच्या सेंटरवर किंवा घरी मोबाईलवर. पोस्टमन मशीन घेऊन घरीसुद्धा येतो, पोस्ट पेमेंट्स बँकेची ती सोय आहे, पोस्टात सांगून ठेवायचं.

बोटाचे ठसेच उमटत नाहीत, मशीन घेत नाही. मग?

हा प्रश्न निपाणीकडच्या मावश्यांचा हमखास. चाळीस-चाळीस वर्षं बिड्या वळून बोटांच्या रेषाच गेलेल्या असतात, शेतात राबलेल्यांचं पण तेच. मशीनवर दहा वेळा बोट दाबतात, लाल लाईट लागते, आणि बाई ओशाळी होऊन पदराला बोट पुसत राहते, जणू तिचीच चूक. चूक तिची अजिबात नाही.

चेहऱ्यावरून आता होतं. फोनमध्ये दोन अॅप लागतात, एक आधार फेस आरडी आणि दुसरं जीवन प्रमाण. उजेडात बसवा, पाठीमागं खिडकी नको, चष्मा काढा, आणि डोळ्याची उघडझाप करायला सांगतात तेव्हा सावकाश करायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर पहिल्या फटक्यात होत नाही, दुपारच्या उजेडात अंगणात बसवून परत करा. तेही झालं नाही तर जुन्या पद्धतीचा कागदावरचा दाखला अजून चालतो, बँकेत समोर सही किंवा अंगठा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून आणायला लावू नका, ७० वर्षांवरच्यांना घरी येऊन साधी बँक सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेचंच बँकांना सांगणं आहे, मॅनेजरला लेखी अर्ज द्या.

आणि एक. जीवन प्रमाण भरताना पेन्शन कोण मंजूर करतं आणि कोण देतं हे निवडायचं असतं, तिथं सेंटरवाला घाईत काहीतरी निवडतो. महाराष्ट्राच्या पेन्शनरला कर्नाटक टाकलं की दाखला भलतीकडंच जातो, मेसेज तर येतो की झालं म्हणून, आणि पैसे थांबले की मग कळतं. प्रमाण आयडीचा म्हणजे दाखल्याच्या नंबरचा मेसेज आला म्हणजे काम संपलं असं नाही, पुढं तो मान्य झाला का बघायचं.

ज्यांनी दुसरं लग्न केलंय किंवा पुन्हा नोकरी धरलीय त्यांना जीवन प्रमाण चालत नाही, त्यांनी कागदावरच द्यायचा.

मालक गेले. पहिल्यांदा काय करायचं?

दुःखात हे विचारायला जीभ उचलत नाही लोकांची, पण विचारा. २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करून दाखला घ्या, आणि पाच-सहा प्रती एकदमच काढा. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग पीपीओप्रमाणे आहे का ते तिथंच काउंटरवर बघा. मग बँकेला कळवा. कळवायच्या आधी त्यांच्या एटीएमनं पैसे काढू नका, मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन सरकार परत घेतं आणि ते पुढं बाईच्याच अंगावर येतं.

केंद्राच्या पेन्शनमध्ये जॉइंट खातं असेल आणि बायकोचं नाव पीपीओत असेल तर त्याच खात्यात फॅमिली पेन्शन सुरू व्हायला पाहिजे, नवीन खातं उघडा असा हट्ट बँकेनं धरायचा नाही. म्हणून म्हणतो खातं जॉइंट करा, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांतला कोणीही किंवा मागं राहील तो, असं लिहून.

रक्कम किती म्हणाल तर केंद्रात शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. रिटायर झाल्यावर माणूस गेला तर सुरवातीला ७ वर्षं किंवा तो ६७ चा झाला असता तोपर्यंत, जे आधी संपेल ते, वाढीव दरानं मिळते आणि मग खाली येते. अचानक कमी झाली म्हणून बायका घाबरतात, ती फसवणूक नसते, पण तारीख बरोबर धरलीय का तेवढं बघून घ्या.

फौजींच्या घरच्यांनी स्पर्शवर मृत्यूची नोंद करावी लागते. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे हे आपल्या लोकांचं नशीब. बायकोचं नाव किंवा जन्मतारीख सर्व्हिस रेकॉर्डात चुकली असेल तर ती आत्ताच, साहेब स्वतः चालत जाऊ शकतात तोवर, दुरुस्त करून घ्या.

नॉमिनी लावलाय, मग फॅमिली पेन्शन नॉमिनीला मिळते का?

नाही. बँकेतला नॉमिनी खात्यातल्या पैशांसाठी. पेन्शनची थकबाकी राहिली तर तिचं नॉमिनेशन वेगळं. आणि फॅमिली पेन्शन कोणाला हे नियमानं ठरतं, आधी नवरा किंवा बायको, मग मुलं. केंद्रात मुलांना २५ वर्षांपर्यंत, आणि अपंग मुलामुलीला अटीत बसत असेल तर जन्मभर. असं मूल घरात असेल तर आईबापांनी आपण असतानाच त्याचं नाव ऑफिसात नोंदवा, सर्टिफिकेट जोडा. यात चालढकल करू नका, हात जोडून सांगतो.

स्वतःची पेन्शन आणि नवऱ्याची फॅमिली पेन्शन, दोन्ही मिळतात का?

हो. तुमची पेन्शन तुम्ही नोकरी करून कमावलेली, ती नवऱ्याच्या फॅमिली पेन्शनमुळं बंद होत नाही.

बिडी कारखान्यात जन्म गेला, पीएफची पेन्शन एवढीच कशी?

हा प्रश्न ऐकला की वाईट वाटतं कारण उत्तर सोपं असून समाधान नाही. ईपीएस-९५ चा हिशोब असा, पेन्शनचा पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार ७,००० धरला आणि नोकरी २० वर्षं झाली तर २ वर्षं वाढवून २२ धरतात, म्हणजे महिन्याला २,२००. पगार कितीही असला तरी हिशोबाला साधारण १५,००० च्या वर धरत नाहीत. कमीत कमी पेन्शन १,००० ही २०१४ च्या सप्टेंबरपासून आहे. हजार रुपयात महिन्याची बीपी-शुगरची औषधं धड येत नाहीत.

पण हक्काचं आहे ते तरी सोडू नका. १० वर्षं भरलेली पाहिजेत, आणि दोन-तीन कारखान्यांत मिळून भरली तरी चालतात, मधे पैसे काढलेले नसले तर. पुष्कळ बायकांचे दोन-दोन पीएफ नंबर असतात आणि कोणी एकत्र केलेले नसतात. पेन्शन ५८ ला सुरू होते पण आपोआप नाही, १०-डी फॉर्म भरावा लागतो. ५० नंतर लवकर घेता येते, मात्र दर वर्षाला ४ टक्के कमी, आणि ती कमी जन्मभराची, म्हणून अगदीच अडचण असेल तरच. नवरा गेला तर विधवेला साधारण निम्मी.

२०२५ च्या जानेवारीपासून ही पेन्शन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून मिळते. मुलाकडं पुण्याला राहायला गेलात तर पीपीओ हलवायची कटकट गेली.

संध्या सुरक्षा कोणाला? अर्ज कुठं?

६५ वर्षं पूर्ण, गरीब घर, दुसरी कुठली पेन्शन नाही, असं असेल तर नाडकचेरीत म्हणजे तहसीलदारांच्या हाताखालच्या महसूल ऑफिसात अर्ज. आधार, रेशन कार्ड, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक. महिन्याला १,२०० मिळतात. ६० ते ६४ वाल्या बीपीएल लोकांना वृद्धाप्य पेन्शनचे ८००. तलाठी चौकशीला येतो तेव्हा घरात हजर राहा, मुलगी-सुनेकडं गेलात आणि पंचनाम्यात घर बंद लिहिलं गेलं की अर्ज तसाच पडतो. अर्जाचा नंबर लिहिलेली पावती घ्या, ग्राम वन (Grama One) या गावातल्या सरकारी सेवा केंद्रात केला तरी घ्या.

मंजूर झाली पण खात्यात येत नाही?

दहातल्या बऱ्याच वेळा पैसे आलेले असतात, भलत्याच खात्यात. हे पैसे खातेनंबरवर जात नाहीत, आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं त्या खात्यात जातात. मधे कोणीतरी गावात येऊन झिरो बॅलन्स खातं काढून दिलेलं असतं, अंगठा घेतलेला असतो, म्हातारीच्या ध्यानातही नसतं. बँकेत जाऊन विचारा, माझं आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, कुठल्या बँकेला जोडलंय. डीबीटी कर्नाटका नावाचं अॅप आहे त्यातही दिसतं. उचगावच्या एका आजींचे असे कित्येक महिन्यांचे पैसे पोस्टाच्या खात्यात साठून राहिलेले सापडले आणि आजी तिकडं सावकाराकडून हातउसने घेत होत्या.

मुलगा कोल्हापुरात असतो. तिकडची श्रावणबाळ आणि इकडची संध्या सुरक्षा दोन्ही घेतली तर?

घेऊ नका. श्रावणबाळला महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास लागतो. एजंट सांगतात करून देतो म्हणून, पण आधार दोन्हीकडं एकच, कधी ना कधी सापडतं आणि मग वसुली निघते, आणि वसुलीला तो एजंट येत नाही.

कम्युटेशन करावं का?

म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं. केंद्रात ४० टक्क्यांपर्यंत, कर्नाटकात एक तृतीयांशापर्यंत. समजा ३०,००० पेन्शन आणि १०,००० विकली, तर हातात २०,००० येतात, पण महागाई भत्ता पूर्ण ३०,००० वरच मिळतो. १५ वर्षांनी विकलेला भाग परत चालू होतो. हे परत चालू होणं बघायला विसरू नका, तारीख कॅलेंडरवर नाही, पीपीओच्या कव्हरवरच पेननं लिहून ठेवा.

करावं की नाही, माझं मत असं की डोक्यावर कर्ज असेल किंवा मुलीचं लग्न असेल तर करा, पण जावयाच्या धंद्यात घालायला किंवा चिटफंडाला म्हणून करू नका. रिटायर झाल्याबरोबर घरी येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वाढते, त्यातले निम्मे स्कीम घेऊन आलेले असतात. सुरक्षित ठेवायचे तर पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम आहे, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षांची मुदत आणि व्याज दर तीन महिन्याला.

माझा मुलगा २००६ नंतर लागला. त्याला आमच्यासारखी पेन्शन आहे का?

नाही. कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे पगारातून दर महिन्याला कापून रक्कम साठवायची नवी पेन्शन. जमलेल्या रकमेतून रिटायर होताना ६० टक्क्यांपर्यंत हातात आणि कमीत कमी ४० टक्क्यांची अॅन्युइटी म्हणजे विमा कंपनीकडची पेन्शन घ्यायची, त्यातून महिन्याला येतं ते. महाराष्ट्रात हीच तारीख १ नोव्हेंबर २००५ आणि केंद्रात १ जानेवारी २००४. एकाच घरात दोन भावांचं वेगळं असू शकतं.

८० वर्षं झाली की पेन्शन वाढते म्हणतात?

केंद्राच्या आणि मिलिटरीच्या पेन्शनमध्ये हो. ८० ला २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली की दुप्पट. फॅमिली पेन्शनलाही लागू आहे, पण आजीची जन्मतारीख पीपीओत नसेल तर कोणालाच कळत नाही की ती ८० ची झाली. ज्यांच्याकडं आजी आहे त्यांनी हे आजच बघा.

पेन्शनवर टॅक्स लागतो?

पेन्शन म्हणजे पगारच धरतात, नव्या पद्धतीत ७५,००० वजा होतात. साध्या पेन्शनरला बहुतेक लागत नाही. एफडीचं व्याज मोठं असेल तर सीएला विचारा.

फॉर्म सगळे कन्नडमध्ये, आम्हाला वाचता येत नाही. अंगठा द्यायचा का?

वाचून दाखवल्याशिवाय देऊ नका. कन्नड बोलायला येतं, वाचायला येत नाही, असे आपल्याकडं हजारो आहेत, यात लाजण्यासारखं काही नाही. शेजारचा शाळेतला पोरगा घेऊन जा, तो फटाफट वाचतो, आणि खरं सांगतो तो एजंटापेक्षा भरवशाचा. केंद्राच्या आणि बँकेच्या फॉर्मवर इंग्रजी-हिंदी असतं. रिकाम्या फॉर्मवर कधीच सही-अंगठा नको, आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर तारखेसहित पोच घ्या.

हयातीचा दाखला अपडेट करा असा फोन आला, पीपीओ नंबरही बरोबर सांगितला?

ठेवून द्या. नंबर बरोबर सांगितला म्हणून माणूस खरा होत नाही. ट्रेझरी, पीएफ ऑफिस, बँक कोणीही फोनवर ओटीपी मागत नाही आणि व्हॉट्सअॅपवर अॅपची फाईल पाठवत नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करा, पहिल्या तासात केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

कोणी दादच घेत नाही. तक्रार कुठं?

आधी लेखी अर्ज, पोच. बँकेची चूक असेल आणि ३० दिवसांत उत्तर नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, चौकशीला १४४४८. बँकेमुळं सरकारी पेन्शन उशिरा जमा झाली तर वर्षाला ८ टक्क्यानं भरपाई द्यायची असते, हे मॅनेजरला शांतपणे सांगा, आवाज बदलतो. कर्नाटक सरकारच्या कामाला १९०२. पीएफचं गाऱ्हाणं दर महिन्याच्या २७ तारखेच्या 'निधी आपके निकट' या पीएफ ऑफिसच्या शिबिरात. आणि घरचेच पेन्शन काढून घेत असतील, त्रास देत असतील, तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७.

बायकोला यातलं काहीच माहीत नाही. काय सांगून ठेवू?

सांगून नाही, दाखवून ठेवा. एकदा तिला बँकेत घेऊन जा, पेन्शनचं काउंटर कुठलं ते दाखवा, तिची सही किंवा अंगठा नोंदवा, फोटो द्या. पीपीओ, दोघांचे आधार, पॅन, पासबुक, लग्नाचा पुरावा आणि रिटायरमेंटची ऑर्डर एका प्लॅस्टिक फाईलीत घाला. वर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, पेन्शन. ती फाईल तुमच्या कपाटात नको, तिच्या लुगड्यांच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे शोधायला तुम्हाला विचारावं लागणार नाही.